आधी नोंदवही, मग नवे दालन

कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या या संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या मात्र सुमारे २,५००.

उरलेल्या कोठारात का, असे आपण सहज विचारतो. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. कापडाचा वा लघुचित्राचा रंग उजेडाने एकदा उडाला की परत येत नाही. लाकडाला वाळवी लागते, दमट हवेने पितळ काळवंडते. नाजूक वस्तूंना आळीपाळीने अंधारात विसावा हवाच. खरा प्रश्न असा, की कोठारातल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक आहे काय? ती कुठून आली, कोणी वापरली, हे लिहिलेले आहे काय? नोंद हरवली की अडकित्ता हा निव्वळ धातूचा तुकडा उरतो.

सरदाराची तलवार कोणीही जपेल. माझ्यासारख्यांच्या घराण्याचा इतिहास बखरीत नाही. तो दिव्यात, पळीत, अडकित्त्यात आहे. तो टिकवायला कारकुनी चिकाटीच लागते. पण नोंदवही पुरी झाली म्हणून कोणी फीत कापत नाही!

म्हणून कोणत्याही संग्रहालयाला अनुदान देताना शासनाने आधी नोंदवही आणि कोठार पाहावे; नव्या दालनाचा नकाशा मागाहून.