गाडीची खतावणी

नांदेडच्या मोंढ्यातील व्यापाऱ्याला लातूरची वाट नवी नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर असा ठरलेला रस्ता; सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात फेऱ्या अधिकच वाढतात. कोणत्या पेढीवर किती वेळ बैठक झाली, परतताना कोणत्या गावी थांबणे झाले, हे पूर्वी मालक आणि चालक यांनाच ठाऊक असे. आता इंटरनेटशी जोडलेली गाडी स्वतःच या प्रवासाची रोजकीर्द लिहीत असते.

अशा गाडीत सिमकार्ड असते, उपग्रहाद्वारे ठिकाण कळते आणि वेग, ब्रेक, वळणे यांची नोंद कंपनीकडे जाऊ शकते. त्याचे उपयोग खरे आहेत. चोरीला गेलेली गाडी सापडण्याची शक्यता वाढते, अपघातात मदत लवकर मागवता येते. मात्र हीच नोंद विमा कंपनीलाही मोलाची वाटते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये वाहनविम्याला नव्या पूरक सुविधा जोडण्यास मुभा दिली. एकीत गाडी जितकी धावेल त्यानुसार हप्ता, दुसरीत ती कशी चालवली जाते त्यानुसार हप्ता. या सुविधा ऐच्छिक आहेत आणि त्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाला लागू होतात. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा मूळ हप्ता केंद्र सरकार ठरवते. तो चालवण्याच्या पद्धतीवरून कमी होत नाही. म्हणून सवलतीचा आकडा ऐकताच तो कोणत्या रकमेवर आहे, हे आधी विचारावे.

पहिल्या प्रकारात किलोमीटरचा हिशेब महत्त्वाचा; दुसऱ्यात चालकाच्या प्रत्येक सवयीला गुण मिळतात. इथे एक अडचण संभवते. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात अचानक पुढे येते, कधी जनावरे रस्ता ओलांडतात. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणारा चालक सावध असतो. पण यंत्राला ट्रॉली दिसली नसेल, तर त्याच्या हिशेबी ती बेफिकिरीच ठरू शकते. खतावणीत चुकीची रक्कम चढली तर मुनीम ती दुरुस्त करतो. ही नोंद कोणी आणि कशी दुरुस्त करायची, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील चालवण्याच्या नोंदी माहितीचा व्यापार करणाऱ्या संस्थांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत गेल्याचे मार्च 2024 मध्ये वृत्तपत्रातून उघड झाले. हप्ता का वाढला, हे शोधताना काही मालकांना आपल्याच प्रवासांची लांबलचक यादी पाहायला मिळाली. तेथील संघीय व्यापार आयोगाने जानेवारी 2025 मध्ये कारवाई जाहीर केली. काही नोंदी दर 3 सेकंदांना घेतल्या जात आणि ग्राहकांची पुरेशी संमती नव्हती, असा आयोगाचा आरोप होता. अशी माहिती पतविषयक अहवाल देणाऱ्या संस्थांना पुरवण्यास 5 वर्षांची मनाई आयोगाने प्रस्तावित केली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी 18 महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे. सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे.

राष्ट्रीयीकृत बँकांना 1970 च्या कायद्याने ग्राहकाच्या व्यवहारांची गुप्तता बंधनकारक केली. कारण उघड होते: खाते पाहिले की धंदा कळतो. गाडीची नोंदही तशीच बोलकी आहे. माल कुठून उचलला जातो, कोणाकडे वारंवार जाणे होते, कुटुंबातील कोण कोणत्या रुग्णालयात गेले, हे सारे त्यावरून ताडता येते.

म्हणून नवी गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याच्या घाईत मोबाईलवर ‘मान्य’ दाबू नये. कोणती माहिती घेतली जाते, ती कोणाला दिली जाते, किती काळ ठेवली जाते आणि नकार दिल्यास कोणती सोय बंद होते, ही चार उत्तरे लेखी मागावीत. विम्याची सवलत घ्यायची असेल तर केवळ किलोमीटरवर आधारलेली योजना आधी तपासावी. गाडी पेढीच्या नावे असून पगारी चालक किंवा मुलगा चालवत असेल, तर त्यालाही नोंदीची कल्पना द्यावी. वागणूक त्याची नोंदली जाणार असते. जुनी गाडी विकताना आरसी हस्तांतरणाबरोबरच अॅपमधील आपले खाते काढून टाकावे आणि गाडीत साठलेले फोन क्रमांक व पत्ते पुसावेत.

सवलत घेण्यात गैर काही नाही. पण कोऱ्या कागदावर सही न करणारा व्यापारी मोबाईलच्या पडद्यावरही तितकाच सावध असायला हवा.