चालत्या संगणकाची नक्कल

पुणे–सोलापूर महामार्गावर, इंदापूर तालुक्यात डाळज हे गाव आहे. तेथे रात्री दोन वाजता एखाद्या ट्रकचालकाने चहाचे पैसे मोबाइलवरून दिले, तरी ते त्याच्या खात्यातून वजा होतात व काही क्षणांत चहावाल्याच्या खात्यात जमा होतात. बँकेचा संगणक रात्रीही जागाच असतो. पूर्वी सायंकाळी व्यवहार थांबले की हिशेब मिटवून सर्व माहितीची नक्कल चुंबकीय फितीवर उतरवून ठेवीत. आता थांबायला वेळच नाही. मग चालत्या संगणकाची नक्कल घ्यावी कशी?

यातील अडचण आकड्यांतच पाहा. नक्कल क्रमाक्रमाने उतरवली जात आहे. १० क्रमांकाच्या खात्यात २००० रुपये होते, ते उतरवून झाले. एवढ्यात त्यातून ५०० रुपये ९० क्रमांकाच्या खात्यात गेले. तेथे १००० होते, त्यांचे १५०० झाले. नक्कल तेथवर पोहोचली तेव्हा तिने १५०० टिपले. मुळात दोन्ही मिळून ३०००, नकलेत मात्र ३५००! चोरी नाही, यंत्रात बिघाड नाही, तरीही नक्कल खोटी.

यावरचा उपाय पेढीवरच्या जुन्या कारकुनालाही ओळखीचा वाटला असता. तो व्यवहार आधी रोजकीर्दीत लिही व मग खतावणीत चढवी. संगणकही प्रत्येक बदल आधी अनुक्रमाने एका नोंदवहीत लिहितो. नक्कल सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या नोंदी त्या नकलेवर पुन्हा चढवल्या की १० क्रमांकाचे खाते १५०० वर येते. ९० क्रमांकाचे आधीच १५०० आहे. तेथे पुन्हा १५०० लिहिल्याने काही बिघडत नाही. मेळ बसला!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? शेजारी दुसरा संगणक ठेवावा व प्रत्येक बदल त्यावरही तत्काळ करावा. आग लागली, यंत्र जळाले, तर हा जोडीदार खरोखर उपयोगी पडतो. पण कोणी चुकून हजार खाती पुसली, तर तोही आज्ञाधारकपणे तीच हजार खाती पुसतो! म्हणून काल-परवाच्या नकला वेगळ्या, मूळ यंत्राशी न जोडलेल्या ठेवाव्याच लागतात.

पण नकला आहेत एवढ्यावर निश्चिंत राहणे आम्हाला मान्य नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. जवळच्या पर्यायी केंद्राकडे जाणाऱ्या दूरसंचार वाहिन्या बिघडल्या आणि त्याच्या परिणामाने मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणाच हाती येईना. संरक्षणासाठी जोडलेला दुवाच मुळावर आला! दूर अंतरावर आपत्कालीन केंद्र होते. तरी कारभार तिकडे हलवला गेला नाही. यात नवल नाही. जे यंत्र रोजच्या खऱ्या कामाला जुंपलेले नसते, त्यावर ऐन गर्दीत लाखो लोकांचे व्यवहार सोपवताना कोणाचाही हात अडखळेल.

पुढच्याच महिन्यात नियामक मंडळ ‘सेबी’ने नियम कडक केले: बिघाड झाल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती घोषित करावी व नंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू व्हावे. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, खास सत्र भरवून बाजाराचे खरे व्यवहार मध्येच आपत्कालीन केंद्रावर नेऊन पाहण्यात आले. आमच्या मते अशी तालीम प्रत्येक बँकेने, अगदी लहान सहकारी पतसंस्थेनेही, ठरावीक काळाने केली पाहिजे व तिचा निकाल सभासदांना कळवला पाहिजे. खर्च येतो, कर्मचाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी यावे लागते, हे खरे. पण सभासदाची ठेव त्या नकलेच्याच भरवशावर असते.

शिक्षकांनी हे शाळेतही करून पाहावे. गुणपत्रकांची गेल्या महिन्यात घेतलेली नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि विद्यार्थ्यांकडून मूळ पत्रकाशी एकेक आकडा ताडून घ्यावा. एक दुपार पुरेल.