शिक्षकाला वर्गात सोबत द्या

कोलशेतच्या खाडीकाठी जेथे पूर्वी रासायनिक कारखाने होते, तेथे आज उत्तुंग इमारती उभ्या आहेत. आणि त्या इमारतींतील, तसेच शेजारच्या आगरी-कोळी व मजूर वस्त्यांतील जी मुले परिसरातील शाळांत जातात, त्यांत श्रवणयंत्र लावणारी, मंददृष्टी असलेली, वाचन-अक्षमतेने गांजलेली आणि स्वमग्नही असतात. ‘अशा मुलांमुळे इतरांचा अभ्यास मागे पडतो, त्यांनी विशेष शाळेत जावे’ हा सूर पालकसभांतून ऐकू येतो, तेव्हा मला त्याचा मनस्वी खेद होतो. कारण वर्गाची घडी विसकटते ती त्या मुलामुळे नव्हे, तर त्याला शिकविण्याचे साधन शिक्षकाच्या हाती न देताच वर्ग त्याच्या स्वाधीन केल्यामुळे, हे कोणी ध्यानात घेत नाही.

कायद्याचा अभाव आहे असे मुळीच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले; ब्रेल व खुणांची भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची, तसेच समावेशक शिक्षणासाठी सर्व स्तरांवरील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी त्याच्या १७ व्या कलमाने शासनावर व स्थानिक संस्थांवर मुक्रर केली. पुढे २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढील वर्गांत पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ग्राह्य धरले, आणि सर्वसाधारण शाळांतील अन्य शिक्षकांनाही या कामाचे प्रशिक्षण सक्तीचे असावे असे बजावले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक या हिशेबाने विशेष शिक्षकांची ४८६० पदे निर्माण केली, आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांना त्यामुळे स्थैर्याचा मार्ग मोकळा झाला, याबद्दल शासनाचे अभिनंदन केलेच पाहिजे. तथापि एका केंद्राच्या कक्षेत अनेक शाळा मोडतात. त्या साऱ्या पालथ्या घालणाऱ्या एकट्या शिक्षकाच्या वाट्याला एकेका मुलाजवळ बसण्याच्या किती घटका येणार, आणि तेवढ्या अवकाशात तो वर्गशिक्षकाला काय शिकविणार?

माझे म्हणणे एवढेच आहे की हे शिक्षण वर्गातच व्हावयास हवे. खाडीवरचा कोळी आपल्या मुलाला जाळे फेकावयास होडीवर नेऊन शिकवितो, किनाऱ्यावर मंडप घालून नव्हे; आपली प्रशिक्षणे मात्र बहुधा सभागृहात होतात, तेथे दिव्यांगत्वाच्या व्याख्या वाचून दाखविल्या जातात, हजेरीपटावर सह्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षक त्याच वर्गात त्याच अडचणीसमोर पूर्वीसारखाच उभा राहतो. वस्तुतः त्याला जे हवे असते ते अत्यंत साधे, पण त्या विशिष्ट मुलापुरते नेमके असते. फळ्याकडे तोंड करून उच्चारलेले वाक्य ओठ वाचणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतच नाही. खिडकीच्या उजेडाने चकाकणारा फळा मंददृष्टी मुलाला पुढच्या बाकावरूनही दिसत नाही. तासांचा क्रम न सांगता बदलला म्हणजे स्वमग्न मूल बिथरते. आणि ज्याला चार ओळी लिहिता येत नाहीत त्याला तोच धडा तोंडी विचारला तर तो किती उत्तम सांगतो. या गोष्टी जाणता सहकारी शेजारी बसून दाखवील तर थोड्या वेळात उमगतात, आणि एकदा उमगल्या की त्या शिक्षकाच्या हाताखालून जाणाऱ्या पुढच्या कित्येक मुलांच्या कामी येतात.

२०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळेचा विषय आला आहे, तो स्वागतार्हच. पण आज वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकांपैकी पुष्कळजण त्यापूर्वीच पदवी घेऊन रुजू झाले. शिवाय शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकांना सांगण्यास मुभा देत असले, तरी एवढ्यानेही त्यांचे दिवसच्या दिवस खर्ची पडतात. अशा शिक्षकाने एका मुलासाठी स्वतंत्र पाठ आखावा अशी अपेक्षा करावयाची, आणि तो आखण्यास वेळापत्रकात एक तासही मोकळा ठेवावयाचा नाही, हा सरळसरळ अन्याय आहे.

विशेष शाळांच्या कार्याविषयी मला नितांत आदर आहे. १९४४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जय वकील संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा जो अनुभव साठविला, किंवा खुद्द ठाणे महापालिकेच्या जिद्द शाळेतील शिक्षकांनी जो मिळविला, तो सर्वसाधारण शाळांच्या उंबरठ्याबाहेर का राहावा? त्या शिक्षकांना ठरावीक वारी शेजारच्या शाळांत पाठवून वर्गशिक्षकांसोबत बसविण्यास नवा कायदा लागत नाही. त्यांच्या गैरहजेरीत त्यांचा वर्ग सांभाळण्यास बदली शिक्षकाची तरतूद मात्र आधी केली पाहिजे.

म्हणून ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागास माझी विनंती आहे की, दर पाच वर्षांनी करावयाच्या शाळेतील दिव्यांग मुलांच्या पाहणीचा शाळावार तपशील त्याने, मुलांची नावे वगळून, प्रसिद्ध करावा. कोणत्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या वारी येतो हे त्या शाळेच्या सूचनाफलकावर लावावे. आणि ज्या वर्गात असे मूल आहे त्या वर्गाच्या शिक्षकाला आठवड्यातून किमान एक तास त्या विशेष शिक्षकासोबत बसण्यासाठी राखून द्यावा. येत्या अंदाजपत्रकात बदली शिक्षकांच्या मानधनाचा स्वतंत्र खर्च दाखविला गेला, तर कोलशेत व बाळकुम परिसरातील शाळांपासून या कामास जूनमध्येच प्रारंभ करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
कोलशेत, ठाणे