प्लगची तिसरी पीन

“आमचा कुलर थोडा झिणझिणतो, पण पायात चप्पल असली की काही होत नाही.” उन्हाळ्यात बीडसारख्या गावात हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. मुलांनाही आपण तेवढेच शिकवतो, “चप्पल घालून हात लाव!” भगिनींनो, झिणझिण्या म्हणजे विजेने दिलेली सूचना आहे. ती ऐकून वायरमनला बोलवायचे असते, चप्पल शोधायची नसते.

आता कुलरची वायर बोर्डात कशी बसवली आहे, ते पाहा. पुष्कळ घरांत तिला पीनच नसते. वायर सोलून दोन तारा सॉकेटच्या भोकांत घालतात आणि आगपेटीच्या काड्या ठोकतात. पीन असली तरी दोनच वायरी जोडलेल्या असतात. तिसरी हिरवी वायर “कामाची नाही” म्हणून कापून टाकलेली असते. चूक होते ती इथेच.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. फेजची वायर वीज आणते, न्यूट्रलची परत नेते. कुलर या दोन वायरींवर चालतो, हे खरे. तिसरी वायर अर्थिंगची. तिचे एक टोक कुलरच्या पत्र्याला आणि दुसरे जमिनीला जोडलेले असते. आत फेजची वायर घासून पत्र्याला लागली, तर वीज या वायरने जमिनीत जाते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. तिसरी वायर नसेल तर पत्र्यात वीज तशीच राहते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. ओली फरशी आणि अनवाणी लेकरू असेल तर जीव जायला वेळ लागत नाही.

म्हणूनच ही पीन लांब केलेली आहे. प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. ती जाडही असते, म्हणजे चुकून फेजच्या भोकात जात नाही.

पण बोर्डाच्या वरच्या भोकात खरोखर अर्थिंग आहे का? कित्येक घरांत तिथे वायरच नसते. वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याची खोली असेल तर घरमालकाला स्पष्ट सांगा. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून करतात. त्याला ओल लागते. आपल्या कोरड्या भागात उन्हाळ्यात तो वाळतो आणि काम करीनासा होतो. भांडी धुतलेले पाणी तिथे ओतले तरी चालेल. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, तर वीज गळताच ती पुरवठा तोडते. साधा फ्यूज इतकी थोडी गळती ओळखत नाही.

लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते, म्हणजे साधारण १,३८० वॅटपर्यंतचे. त्यावर हजार वॅटची इस्त्री चालेल, पण १,५०० वॅटचा पाण्याचा रॉड नको. त्यासाठी १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे.

एवढे पाळा :
१. कुलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करा आणि पीनही काढा.
२. रॉड लावलेल्या पाण्यात बोट घालून पाहू नका. आधी पीन काढा, मग पाहा.
३. पीन काढताना वायर ओढू नका, प्लग धरा.
४. प्लग गरम होत असेल, काळा पडला असेल तर बदला.
५. फ्यूजमध्ये जाड तार घालू नका.
६. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कोपीत उघडी जोडवायर ओढू नये.

कोणाला शॉक बसला तर त्याला हाताने धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा. माणूस बेशुद्ध असेल तर १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाब देत राहा.

तीन पिनांचा प्लग एका वेळच्या भाजीच्या पैशांत येतो. या रविवारी घरातला प्रत्येक प्लग एकदा पाहून घ्या. आणि “थोडा झिणझिणतो” म्हणत असाल, तर तो कुलर आजच बंद करा.