शोभेचे मीटर आणि खरे सांगणारा काटा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला धड दारे नव्हती, छप्पर कापडाचे होते. पण डॅशबोर्डवर पाच मीटर होते. वेग, इंधन, ऑइलचा दाब, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचे चार्जिंग. चालवणाऱ्याला इंजिनची खबर लागते, हे तेव्हा गृहीत होते. विलीजचीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली. आज शोरूममधून निघणाऱ्या अनेक छोट्या गाड्यांत हातभर टचस्क्रीन असतो, त्यावर चालू गाण्याचे नाव दिसते, तापमानाचा काटा मात्र नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा आणि फार तापले तर लाल. मधल्या अवस्थेबद्दल गाडी काहीच बोलत नाही.

म्हणून लोक बाजारातून मीटर आणतात. अमेरिकेची ऑटो मीटर, जपानची डेफी, जर्मनीची व्हीडीओ ही यातली जुनी, नावाजलेली नावे. त्यांच्यासारखे दिसणारे स्वस्त मीटरही भरपूर मिळतात. या हौसेला नाके मुरडायचे कारण नाही. गाडीने जे सांगायचे थांबवले ते सांगणारा जादा मीटर बसवणे शहाणपणाचेच आहे. पण कंपनीचा चालता मीटर काढून त्या जागी नुसता चकचकीत मीटर बसवण्याला मात्र ठाम विरोध व्हायला हवा, कारण त्यात गाडीकडून मिळणारी माहिती वाढत नाही, बहुतेकदा बिघडते.

कंपन्याही या बाबतीत निर्दोष नाहीत. अनेक गाड्यांतला तापमानाचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाण्याचे तापमान बरेच वरखाली झाले तरी तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा प्रकरण हाताबाहेर चाललेले असते. माझ्दाच्या एमएक्स-5 या छोट्या स्पोर्ट्स कारचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या गाड्यांत ऑइलच्या दाबाचा खरा मीटर होता. 1995 पासून मीटर दिसायला तसाच राहिला, पण त्यामागे साधा स्विच आला. पुरेसा दाब आहे की नाही एवढेच त्या स्विचला कळते आणि दाब असला की काटा मध्यावर जाऊन बसतो. फोर्डनेही 80 च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच केले. काटा जरा हलला की ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात, अशी यामागची अडचण सांगितली जाते. ती खरी असली, तरी ग्राहकाला नीट समजावण्याऐवजी काटाच खोटा करणे हा त्यावरचा इलाज नव्हे. कसारा घाटात भरल्या गाडीने चढणाऱ्याला तापमान 92 अंश आहे की 108, हे कळायलाच हवे.

पण बाहेरचा मीटरही आपोआप खरा ठरत नाही. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगता फुगा असतो. तो वरखाली होतो तसा त्याला जोडलेल्या सेंडरचा विद्युत रोध बदलतो आणि तो रोध मोजून मीटर आपला काटा हलवतो. घोळ असा की हा रोध सगळीकडे सारखा नाही. स्ट्युअर्ट-वॉर्नर पद्धतीत टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33 ओहम. व्हीडीओच्या प्रचलित पद्धतीत बरोबर उलटे: रिकामी असताना 10 आणि भरलेली असताना 180. आता व्हीडीओच्या सेंडरवर अमेरिकन पद्धतीचा मीटर जोडला तर काय होईल? टाकी कोरडी पडली की काटा ‘फुल्ल’च्याही पुढे जाऊन टेकेल. जोडणी पक्की, दिवा सुंदर आणि माहिती पूर्णपणे उलटी! म्हणून मीटर घेताना दुकानदाराला आधी विचारायचा तो हा आकडा. तो सांगता येत नसेल तर ते दुकान सोडावे.

ऑइलच्या दाबाचे काही मीटर यांत्रिक असतात. त्यांत बारीक नळीतून इंजिनचे गरम ऑइल थेट डॅशबोर्डपर्यंत येते आणि नळी फुटली तर ते चालवणाऱ्याच्या पायावर सांडते. त्यापेक्षा इलेक्ट्रिक सेंडरचा मीटर बरा. जुन्या गाड्यांतला ॲम्पमीटर काढून व्होल्टमीटर लावणे हा बदल तर आवर्जून करण्यासारखा आहे. गाडीच्या चार्जिंगचा जवळजवळ सगळा प्रवाह ॲम्पमीटरमधून जातो. टर्मिनल सैल झाले की तापते, वायर वितळते. मात्र ॲम्पमीटरच्या दोन वायरी एकमेकींना पक्क्या जोडून व्होल्टमीटर वेगळा घ्यावा लागतो. हे ज्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक आहे, त्याच्याच हाती काम द्यावे.

पांढऱ्या तबकड्या आणि निळे दिवे यांचा सोस वेगळाच. नवी तबकडी चढवण्यासाठी काटे उपटावे लागतात आणि ते परत बसवताना थोडे जरी चुकले तरी वेग चुकीचा दिसतो. युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. घरी बसवलेल्या काट्याची अशी हमी कोण देणार? प्रखर निळ्या उजेडाने रात्री डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. स्वीडनच्या साबने 90 च्या दशकातल्या 900 मॉडेलमध्ये एक बटण दिले होते. ते दाबले की स्पीडोमीटर सोडून बाकीचे मीटर अंधारात जात आणि काही बिघडले तरच पुन्हा उजळत. रात्री गाडी चालवणाऱ्याचा एवढा विचार फार थोड्यांनी केला आहे.

सगळ्यात नाजूक जागा ओडोमीटरची. मीटर बदलला की गाडी किती चालली याचा हिशेबही बदलतो आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘मीटर मागे घेणे’ ही उघड फसवणूक आहे. अमेरिकेत कायदाच असा आहे की नव्या ओडोमीटरवर जुना आकडा आणता येत नसेल तर तो शून्यावर ठेवायचा आणि आधीचा आकडा व बदलाची तारीख लिहिलेली पट्टी चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर लावायची. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई करते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एवढा कडक कायदा असताना ओडोमीटर बदलल्याची तारीख आणि जुना आकडा आरसीच्या नोंदीत चढवायची सक्ती करणे सरकारला अजिबात जड नाही. ती व्हायला हवी.

कंपन्यांचे काम तर त्याहून सोपे आहे. तापमानाचा सेन्सर प्रत्येक आधुनिक इंजिनात असतो, बॅटरीचे व्होल्टही गाडीचा संगणक सतत मोजत असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी या तपासणीच्या पोर्टला छोटे यंत्र जोडले की हेच आकडे मोबाइलवर दिसतात. ते गाडीच्या स्वतःच्या स्क्रीनवर दाखवायला नवा सेन्सर लागत नाही, नवी वायर लागत नाही. लागतो तो सॉफ्टवेअरमधला एक पर्याय. गाडी घेताना सनरूफची चौकशी करणाऱ्या ग्राहकांनी ‘पाण्याचे तापमान आकड्यात दिसते का’ हेही शोरूममध्ये विचारायला सुरुवात करावी.