मांजरीचा कागद

या अंकासाठी मी मांजरीवर लिहितो, असं बैठकीत म्हणालो तेव्हा दोघं हसले. तिसरा चिडला. म्हणाला, ‘गावोगाव आपली पोरं मार खातायत आणि तुला मांजर सुचतंय? पांढरपेशांच्या दिवाळी अंकाला पाठवून दे. मानधन तरी मिळंल.’

दोस्ताचा राग खोटा नाही. मांडीवर मांजर, हाताशी चहा, खिडकीत पाऊस आणि मग साहेबांना सुचलेला ललित लेख! असल्या लेखांचा मलाही उबग आहे. त्यांच्या मांजरीला वाटीभर दूध मिळायचं त्या काळात माझ्या आज्याला घोटभर ताकासाठी वाड्याबाहेर ताटकळत उभं राहावं लागायचं. तरी मी लिहिणार. कारण या मांजरीमुळं मला जे दिसलं, ते दहा मोर्च्यांत घसा फोडूनही दिसलं नव्हतं. आधी वाचा. मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

छत्रपती संभाजीनगरला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. एका दोस्ताबरोबर जखमी आणि टाकून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यात गेलो होतो. तिथं एका पिंजऱ्यात ही बसलेली. काळीकुट्ट. डोळे तेवढे पिवळे. निवाऱ्यातली बाई म्हणाली, पांढरी जातात, ठिपक्याची जातात, ही आठ महिने झाले इथंच आहे. लोक येतात, बघतात, पुढं जातात. का? तर काळं मांजर आडवं गेलं की काम होत नाही.

मी मनाशी म्हटलं, बाई, हे तू मला सांगू नको. आडवं जाण्याचा गुन्हा काय असतो ते आमच्या सात पिढ्यांना विचार. पेशवाईतल्या पुण्यात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू होता, गळ्यात मडकं होतं. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचं निर्मूलन’मध्ये ते नोंदवून ठेवलंय. सावलीचा विटाळ आणि मांजरीचा अपशकुन एकाच डोक्यातून निघालेत. म्हणून तिलाच घेतली.

तिथं एक फॉर्म भरून घेतला. नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात माणसं किती, मांजराला लस टोचणार का. भरून झाल्यावर मी तो उलटापालटा करून बघितला. जातीचा रकाना नव्हता! पुढं बीडला खोली शोधताना मालकानं मांजरीकडं बघितलं आणि म्हणाला, ‘मांजर चालंल हो, आडनाव काय म्हणालात?’ आडनाव सांगितल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवलीय. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला. साठ वर्षं उलटली. मांजराला चोरण्यासारखं काही नाही, ते बिनधास्त आत जातं. आपल्याला अजून उंबऱ्यावर जबाब द्यावा लागतो.

असो. निवाऱ्यात तिची नसबंदी केलेली होती. आपल्याकडं सरळ म्हणतात, पिशवी काढली. ऑपरेशन ताजं होतं म्हणून तिच्याबरोबर एक कागद दिला. दहा दिवस उडी मारू देऊ नका. टाका ओला होऊ देऊ नका. औषध खाण्यात मिसळून द्या. खाल्लं नाही तर फोन करा. दहाव्या दिवशी टाका दाखवून घ्या. मी एसटीनं, टोपलीला फडकं बांधून, तिला बीडला आणली आणि तो कागद भिंतीला खिळ्यानं ठोकला.

घरात आम्ही तिघं. माय, काकू आणि मी. पोरांनी मांजरीचं नाव ‘पँथर’ सुचवलं, मायनं ‘काळे’ म्हणून हाक मारली आणि तेच टिकलं. काकू माझी चुलती. चुलता वारल्यापासून ती आमच्यातच असते. त्याआधी दोघांचा मिळून एक कोयता होता. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांचे फड तोडत त्यांचा जन्म गेला. काकूला वाचता येत नाही. तिनं भिंतीकडं बोट केलं, ‘काय लिवलंय रं त्याच्यावर?’

मी वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘दहा दिस उडी मारू द्यायची न्हाई?’

‘नाही काकू.’

‘आन् न्हाई खाल्लं तर फोन करायचा?’

‘हो.’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, ‘माझी काढली तवा अठराव्या दिशी मोळी होती डोक्यावर.’

मित्रांनो, मी या घरात वाढलो. काकूची पिशवी काढलीय हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, जसं घरात एक फुटका रांजण आहे हे ठाऊक असतं तसं. अठरावा दिवस मला ठाऊक नव्हता. कधी विचारलंच नव्हतं. मग ती बोलत गेली. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. ओटीपोटात दुखायचं, अंगावरून जायचं. एका खाजगी दवाखान्यात गेली तर काढली नाही तर कॅन्सर होईल म्हणून भीती घातली. पैसे मुकादमाकडून उचल घेतले. उचल फेडायची म्हणून फडात परत. घरी बसलं की खाडा, खाडा पडला की पैसे कापणार. कोपीत ना मोरी ना आडोसा, टाका कोरडा ठेवायचा कसा? आणि फोन करायचा तर कुणाला? तिच्या हातात कुणी कागद दिलाच नव्हता.

ही एकट्या काकूची कथा नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांची बोंब देशभर झाली. सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे सहा बायांमागं एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याची अट आली. चांगलं झालं. पण कापण्याआधीच्या परवानगीनं कापल्यानंतरची विश्रांती मिळत नाही. काढून झालेल्या बाईला दहा दिवस मोळी उचलू देऊ नका, असं मुकादमाला कुठल्या कागदानं बजावलं?

आता याच जिल्ह्यातली दुसरी बातमी. डिसेंबर २०२१. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेतात, उंचावरून टाकतात, अडीचशे पिल्लं मारली, असा आकडा फिरला. वनखात्यानं दोन माकडं पकडली. बातमी परदेशापर्यंत गेली. बीड कुठं आहे हे ज्यांना नकाशावर दाखवता येत नव्हतं त्यांनीही पिल्लांसाठी हळहळ केली. पिल्लांसाठी जीव तुटला याचं मला वाईट वाटत नाही. मला प्रश्न पडतो की जो जीव पिल्लासाठी तुटतो तो मोळीखालच्या बाईसाठी का तुटत नाही?

इथं सोपी वाट एकच आहे. मांजरीवर चिडायचं. भूतदयेला शिव्या घालायच्या. आपले काही लोक त्याच वाटेनं जातात. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईत मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सुनावलं होतं की जिथं आम्हाला कुत्र्यामांजरांहून वाईट वागवतात, प्यायला पाणी मिळत नाही, तो देश आणि तो धर्म मी आपला कसा म्हणू? चार वर्षांआधीच, १९२७ साली, महाडचं चवदार तळं झालं होतं. जनावरं पाणी प्यायची त्या तळ्यावर माणसांना प्यायला गेल्याबद्दल डोकी फुटली. पण नीट बघा. बाबासाहेबांनी जनावरांना तळ्यावरून हाकला असं म्हटलं नाही. भांडण होतं ती उतरंड रचणाऱ्याशी. तळ्यावर आलेल्या म्हशीशी नव्हे.

आणि हाच माणूस कुत्र्यांवर जीव लावायचा. उतारवयात व्हायोलिन शिकायला बसला. संविधान लिहिणाऱ्या हातांना तारा छेडायची हौस होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये, म्हणजे १९५७ साली त्यांच्या मागं छापून आलेल्या ग्रंथात, त्यांनी करुणा आणि मैत्री वेगळ्या काढल्यात. करुणा माणसापुरती, मैत्री साऱ्या जिवांपर्यंत जाते. भूतदया वरून खाली टाकली जाते, भाकरीच्या तुकड्यासारखी. मैत्रीत वर-खाली नाही.

मैत्रीचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूर कासार तालुक्यात दहिवंडीचे शब्बीर सय्यद. दुष्काळी मुलुख, स्वतःचंच हातावरचं पोट, आणि ज्या गाईबैलांना लोक दावणीवरून सोडून देतात त्यांना हा माणूस सांभाळतो. २०१९ साली पद्मश्री मिळाली. गाईच्या नावानं माणसं मारणाऱ्या टोळ्यांनी एकदा दहिवंडीला जाऊन यावं.

मांजराचंच बघा. ते माणसाजवळ आलं धान्यामुळं. कणगी आली, कणगीला उंदीर आले, उंदरामागं मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. तेव्हापासून ते घरात आहे. पण बैलासारखं जू घेतलं नाही, कुत्र्यासारखी राखण केली नाही. आपण बलुत्यासाठी वेठ केली. मांजरानं बलुतं खाल्लं आणि वेठ नाकारली! हाक मारली तर मनात असेल तर येतं. काळीकडं बघताना मला या एका गोष्टीचा हेवा वाटतो.

आता लिहिण्याबद्दल. चिडलेल्या दोस्ताचा खरा सवाल तोच आहे. मी दहा वर्षं कविता लिहितोय. वही उघडून बघितली तर पानोपानी सूर्य, ज्वालामुखी, रक्त, मशाल. सगळं उसनं. १९७२ च्या पोरांनी ते शब्द स्वतःच्या जगण्यातून ओढून काढले होते, मी त्यांच्या पुस्तकांतून काढले. जगणं माझ्याच घरात भिंतीला टेकून बसलं होतं, मी त्याच्याकडं पाठ करून मशाली पेटवत होतो.

काळी उंदराच्या बिळापाशी बसते तेव्हा तास तास हलत नाही. शेपटीचं टोक तेवढं हलतं. बघते. ऐकते. झेप शेवटी, एकदाच. मी न बघताच झेप घ्यायचो आणि तोंडात माती यायची. हल्ली रात्री माय झोपली की काकू, काळी आणि मी जागे असतो. काकू बोलते. कोपीतल्या थंडीचं, ट्रकवर बाळंत झालेल्या बाईचं, दिवाळीनंतर गाव सोडताना मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आणि मांजरांचं. मी वहीत उतरवतो. सूर्य एकदाही आलेला नाही.

आणि काळी त्या वेळी कुठं असते? काकू आडवी झाली की ती जाऊन तिच्या ओटीपोटावर बसते. ऊब लागते म्हणून असेल. काकू म्हणते, ‘शेकल्यावानी वाटतंय.’ तिथं दोघींचीही जखम आहे. एकीची कागदासह भरली, एकीची कागदाविना.

भिंतीवरचा तो कागद मी काढलेला नाही. मांजरीच्या हातातला कागद हिसकावून घ्यायचा असं आपलं म्हणणं नाही. तसाच कागद कोयता धरणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात पाहिजे. त्यावर विश्रांतीचे दिवस लिहिलेले पाहिजेत, त्या दिवसांचा खाडा माफ पाहिजे, खाली फोन नंबर पाहिजे आणि तो फोन उचलणारा माणूस पाहिजे. आणि तो देताना आडनाव विचारायचं नाही. पुढच्या गळिताला टोळ्या निघण्याआधी ही मागणी घेऊन आपण प्रत्येक मुकादमाच्या आणि कारखान्याच्या दारात गेलं पाहिजे.

दोस्ता, आता सांग. हा लेख मांजरीवर आहे का?

जयभीम.