घरचे तार-यंत्र अडते तेव्हा

थ्रीडी प्रिंटरसाठी प्लास्टिकची तार काढणारे यंत्र मुलांनी घरीच जोडले असेल, तर ते अडताच मोठी मोटार आणू नका. आधी कारण शोधा.

नळी पुरती तापण्याआधी मळसूत्र फिरवू नये. प्लास्टिक पुढे ढकलताना मळसूत्र स्वतः मागे रेटले जाते. तो रेटा थ्रस्ट बेअरिंगवर घ्यावा, नाहीतर मोटारीचे गिअर झिजतात. चाड्याखाली दाणे चिकटून बसत असतील, तर तेवढा भाग पंख्याने थंड ठेवा. तारेत बुडबुडे दिसले, तर दाणे बहुधा दमट आहेत, ते वाळवा.

मात्र पीव्हीसी पाइपचे तुकडे यंत्रात कधीही घालू नका. तापल्यावर त्यांतून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. तुकडे वाया गेले तरी चालतील, पोरांची छाती जपा.